ईमेलवरून माणसाची जाहीर माहिती शोधणारी पायथन लायब्ररी : कामाच्या नोंदी

४ जानेवारी २०२५

आम्ही काही जण मिळून एक मुक्तस्रोत संपर्कवही चालवतो. वेगवेगळे स्वयंसेवी गट तिच्यात आपल्या सदस्यांच्या याद्या ठेवतात. बहुतेक याद्यांमध्ये ईमेल तेवढा नीट असतो. नाव अर्धवट आणि फोटो बहुधा नसतोच. गटांची मागणी जुनी आहे : ईमेल टाकला की समोरच्याचं नाव, फोटो, दोन ओळींचा परिचय आपोआप यावा. त्यासाठी वेगळी लायब्ररी लिहायला घेतली आहे. हेच काम आणखी कुणाला करायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून ह्या नोंदी.

आधी तयार काय मिळतं ते चाळलं. ह्या कामासाठी लिहिलेल्या जुन्या लायब्रऱ्या बऱ्याच सापडतात, पण बहुतेक एकाच कंपनीच्या एपीआयवर, म्हणजे प्रोग्रामला माहिती मागता यावी म्हणून ठेवलेल्या दारावर, चढवलेलं पातळ आवरण आहेत. कंपनी विकली गेली किंवा एपीआय बंद झाला की लायब्ररीही गेली. ईमेलवरून माहिती दाखवणारी रॅपोर्टिव्ह २०१२ मध्ये लिंक्डइनने घेतली, तशीच क्लिअरबिट २०२३ मध्ये हबस्पॉटने घेतली, गूगल प्लस २०१९ मध्ये सामान्य वापरासाठी बंद झालं. त्यामुळे पहिला निर्णय : एकही स्रोत गाभ्यात नको. प्रत्येक स्रोताचा वेगळा अडॅप्टर, म्हणजे त्या स्रोताशी बोलणारा सुटा भाग, आणि तो काढून टाकला तरी बाकीचं चालू राहिलं पाहिजे.

दुसरा निर्णय त्याहून महत्त्वाचा. माहिती द्यायची ती फक्त त्या माणसाने स्वतः, त्याच ईमेलशी जोडून, जाहीर ठेवलेली. नाव सारखं आहे, गाव सारखं आहे, म्हणून 'हाच असावा' असा अंदाज लायब्ररी करणार नाही. हे कागदावर सोपं दिसतं. पुढच्या जवळजवळ प्रत्येक अडचणीत हाच प्रश्न वेगळा वेश घेऊन आला.

७ जानेवारी

स्रोतांना हात लावायच्या आधी पत्ता साफ करणं. हे तासाभराचं काम धरलं होतं, दोन संध्याकाळी गेल्या.

याद्या स्प्रेडशीटमधून येतात. त्यात 'मेलटू' चिकटलेले पत्ते असतात, कोनी कंसात नावासकट पत्ते असतात, शेवटी स्वल्पविराम राहिलेला असतो. हे सगळं दिसतं, म्हणून काढता येतं. न दिसणाऱ्या अक्षरांनी मात्र वेळ खाल्ला. एका यादीतला पहिलाच पत्ता कुठल्याच स्रोतात सापडेना, बाकीचे व्यवस्थित. पडद्यावर पत्ता अगदी बरोबर. लांबी छापून पाहिली तर डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा एक अक्षर जास्त. फाइलच्या सुरुवातीचं बाइट ऑर्डर मार्क, म्हणजे यू+एफईएफएफ, पहिल्या पत्त्याला चिकटून आलं होतं. पायथनचं 'स्ट्रिप' न तुटणारी स्पेस, म्हणजे यू+००ए०, काढतं. पण यू+एफईएफएफ काढत नाही आणि शून्य रुंदीची स्पेस, यू+२००बी, तीही काढत नाही, कारण युनिकोडच्या हिशेबात ह्या दोन्ही 'मोकळ्या जागा' नाहीतच. हॅश, म्हणजे पत्त्यावरून गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा ठसा, काढताना एक जास्तीचं अक्षर आलं की हॅश पूर्ण वेगळा. कुठेही एरर येत नाही, नुसतं 'सापडलं नाही' असं उत्तर येतं. त्यामुळे चूक शोधायला सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही.

उपाय : फाइल वाचताना 'यूटीएफ-८-सिग' एन्कोडिंग, आणि साफसफाईच्या फंक्शनमध्ये शून्य रुंदीची सगळी अक्षरं काढून टाकणं. (ह्या 'सगळी'ने पुढे त्रास दिला. एप्रिलची नोंद पाहा.)

लहान-मोठ्या लिपीचा प्रश्न : आरएफसी ५३२१ ह्या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजाप्रमाणे ॲट चिन्हाच्या डावीकडचा भाग केस-संवेदी मानावा लागतो, उजवीकडचं डोमेन नाही. प्रत्यक्षात जवळपास कुणीच डावीकडे फरक करत नाही आणि ग्रॅव्हॅटार (ईमेलच्या हॅशवरून फोटो देणारी सेवा) तर सगळं लहान लिपीत करूनच हॅश मागतं. म्हणून पत्त्याची दोन रूपं ठेवली : जसा आला तसा, आणि शोधासाठीचा. पत्र पाठवायचं तर पहिलाच वापरायचा. लांबीची तपासणीही इथेच : डावा भाग ६४ ऑक्टेटपर्यंत, अख्खा पत्ता २५४ पर्यंत.

१० जानेवारी

जीमेलचे टिंब. जीमेल डाव्या भागातल्या टिंबांकडे दुर्लक्ष करतं आणि जीमेल व गूगलमेल ही दोन्ही डोमेनं एकच आहेत. पण स्वतःच्या डोमेनवर गूगलची मेलसेवा वापरणाऱ्या संस्थांमध्ये टिंबाने पत्ता बदलतो. म्हणून हा नियम डोमेनचं नाव पाहूनच लावायचा, मेल सर्व्हर कुणाचा आहे ते पाहून नाही. डीएनएसमधल्या (डोमेनांच्या नोंदवहीतल्या) एमएक्स, म्हणजे मेल सर्व्हर सांगणाऱ्या, नोंदी पाहून नियम लावायचा मोह होतो, टाळा. शिवाय ग्रॅव्हॅटारला टिंबं कळत नाहीत, त्याच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या अक्षरमाळा. त्यामुळे आधी जसाच्या तसा पत्ता, तो न सापडला तरच टिंबाशिवायचा.

अधिकचिन्हाबद्दल बराच विचार केला. नावापुढे अधिकचिन्ह आणि एखादी खूण लावून पत्ता द्यायची सोय अनेक सेवांमध्ये आहे. तांत्रिकदृष्ट्या खूण काढून मूळ पत्ता शोधणं एका ओळीचं काम आहे आणि जुन्या लायब्रऱ्या ते करतातही. आम्ही करत नाही. एखाद्याने मुद्दाम वेगळी खूण लावून पत्ता दिला आहे, म्हणजे त्या ठिकाणची ओळख त्याला वेगळी ठेवायची आहे. ती परस्पर जोडून देणं हे आपलं काम नाही.

१५ जानेवारी

ग्रॅव्हॅटार. बहुतेकांना पहिलं यश इथेच मिळतं : पत्ता लहान लिपीत, हॅश, यूआरएल, फोटो. पूर्वी हॅशची पद्धत एमडी५ होती, आता एसएचए-२५६ वापरायला सांगतात. नवीन लिहिणार असाल तर थेट एसएचए-२५६ घ्या.

सगळ्या यादीवर चालवलं आणि सगळ्यांचे फोटो आले. एकही चुकला नाही. इतकं चांगलं उत्तर आलं तेव्हाच संशय यायला हवा. फोल्डर उघडलं तर बहुतेक चित्रं एकच : ग्रॅव्हॅटारचं स्वतःचं निळं चिन्ह. फोटो नसला की सर्व्हर ठरलेलं चित्र पाठवतो आणि स्थिती मात्र २०० (सगळं ठीक) देतो. यूआरएलमध्ये 'डी' ह्या पॅरामीटरला ४०४ ही किंमत दिली की मगच 'फोटो नाही' हे ४०४ (सापडलं नाही) म्हणून कळतं. हा पॅरामीटर आता अडॅप्टरच्या आतच पक्का केला आहे, वापरणाऱ्याच्या हातात ठेवलेला नाही.

ह्याच दिवशी दुसरं सापडलं, आणि ते जास्त गंभीर. आम्ही लॉगमध्ये (प्रोग्रामच्या नोंदवहीत) ईमेल छापत नव्हतो, तेवढी काळजी घेतली होती. पण एचटीटीपीएक्स ही लायब्ररी 'इन्फो' पातळीवर प्रत्येक रिक्वेस्टची पूर्ण यूआरएल छापते, आणि यूआरएलमध्ये हॅश असतो. 'हॅशच तर आहे' असं म्हणून सोडून देता येत नाही. ईमेल पत्ते ओळखीच्या साच्यातले असतात : नाव, टिंब, आडनाव, चार-पाच मोठी डोमेनं. असे पत्ते तयार करून त्यांचे हॅश जुळवून पाहणं साध्या संगणकाला जमतं. २०१३ मध्ये डॉमिनिक बोंगार्ड ह्या संशोधकाने फ्रान्समधल्या एका राजकीय चर्चापीठावरच्या टोपणनावांमागचे पत्ते ग्रॅव्हॅटारच्या हॅशवरूनच काढून दाखवले होते. २०२० मध्ये ग्रॅव्हॅटारच्या प्रोफाइल मोठ्या प्रमाणावर उपसल्या गेल्या. त्यातल्या सुमारे १६.७ कोटी नोंदींपैकी ११.४ कोटी हॅश फोडून मूळ पत्ते मिळवले गेले.

म्हणून नियम : हॅश म्हणजे ईमेलच समजायचा. एचटीटीपीएक्सचा लॉगर 'वॉर्निंग'वर नेला, एररच्या मजकुरातली यूआरएल छाटली, कॅशेच्या (आणलेली उत्तरं साठवून ठेवणाऱ्या) फाइलींना हॅशचं नाव देणं बंद केलं. कॅशेची किल्ली आता गुप्त किल्लीसह काढलेल्या हॅशची, म्हणजे एचमॅकची आहे. नुसती कॅशे फाइल कुणाच्या हाती लागली तरी त्यातून पत्ते उलगडत नाहीत.

१९ जानेवारी

लिब्राव्हॅटार. हा मुक्त पर्याय आहे आणि त्याची रचना मला फार आवडते : डोमेनचा मालक डीएनएसमध्ये एसआरव्ही नोंद टाकून आपल्या लोकांचे फोटो आपल्याच सर्व्हरवरून देऊ शकतो. अडॅप्टर पटकन झाला. अडचण एकच. लिब्राव्हॅटारकडे फोटो नसेल तर विनंती ग्रॅव्हॅटारकडे वळते, आणि एचटीटीपी क्लायंट रिडायरेक्ट गुपचूप पाळत असेल तर ग्रॅव्हॅटारचा फोटो 'स्रोत : लिब्राव्हॅटार' म्हणून नोंदला जातो. आपोआप वळणं बंद केलं आणि पहिल्याच वळणावर थांबून 'इथे नाही' असं उत्तर द्यायला लावलं.

२५ जानेवारी

वेबफिंगर, आरएफसी ७०३३, २०१३ चं. दिसायला हे आपल्याच कामासाठी बनवलंय असं वाटतं : डोमेनला ठरलेल्या जागी विचारा, तो त्या नावाच्या माणसाचे दुवे देतो. मॅस्टोडॉन हे सोशल नेटवर्क ह्याच्यावरच चालतं.

दोन गोष्टींनी अडवलं. एक, कितीतरी संकेतस्थळं कुठलाही मार्ग मागितला तरी आपलं मुखपृष्ठच २०० स्थितीने पाठवतात. जेसन (डेटा लिहिण्याचं ठरलेलं रूप) समजून वाचायला गेलं की एचटीएमएलच्या पहिल्या कोनी कंसावर प्रोग्राम कोसळतो. आता उत्तराचा कंटेंट-टाइप, म्हणजे मजकूर कुठल्या प्रकारचा ते, आधी पाहतो. नियमाप्रमाणे तो 'जेआरडी प्लस जेसन' हवा, पण साधा 'जेसन' पाठवणारेही चालवून घेतो.

दोन, हे मूलभूत आहे. नाव-ॲट-डोमेन असं दिसणारं मॅस्टोडॉनचं खातं ईमेल नसतं. आकार सारखा, वस्तू वेगळी. एखाद्या डोमेनवर एका व्यक्तीची मेलपेटी आणि त्याच नावाचं दुसऱ्याच व्यक्तीचं सोशल खातं असू शकतं. त्यामुळे वेबफिंगर मुळात बंद ठेवलं आहे. वापरणाऱ्याने स्वतः चालू केलं तर निकालावर 'खातं जुळलं, ईमेल नाही' असा वेगळा शिक्का येतो.

१ फेब्रुवारी

गिटहब, कोड ठेवायची जागा. जाहीर केलेला ईमेल प्रोफाइलवर असेल तर शोधातून माणूस सापडतो. प्रोफाइलवर जाहीर करायचा ईमेल गिटहब आधी पडताळून घेतं, म्हणून हा पुरावा चांगला. पण शोध म्हणजे शोध : निकालात आलं म्हणून मानायचं नाही, प्रोफाइल मागवून त्यातला ईमेल अक्षरन्‌अक्षर जुळतो का पाहायचं. शोधाची मर्यादा टोकनसह (म्हणजे आपल्या खात्याची गुप्त खूण देऊन) मिनिटाला ३०, टोकनशिवाय १०. मोठी यादी असेल तर आधीच रांग लावा; मर्यादा ओलांडून मग थांबण्यात जास्त वेळ जातो.

कमिटमधल्या, म्हणजे कोडमधल्या बदलाच्या नोंदीतल्या, ईमेलवरून शोधायची सोयही आहे आणि त्यातून खूप जास्त लोक सापडतात. ती घेतली नाही. गिटच्या सेटिंगमध्ये कुणीही कुणाचाही ईमेल लिहू शकतो, कुणी तपासत नाही. शिवाय आपला ईमेल कमिटमध्ये कायमचा कोरला जातोय हे अनेकांना ठाऊकच नसतं. तो 'जाहीर' आहे खरा, पण त्यांनी 'जाहीर केलेला' नाही.

एक सोपी भेट मात्र मिळाली. खरा ईमेल लपवण्यासाठी गिटहब देतं त्या 'नोरिप्लाय' पत्त्यांमध्येच खात्याचं नाव असतं, आणि जुलै २०१७ नंतरच्या पत्त्यांमध्ये त्याआधी खात्याचा क्रमांक आणि अधिकचिन्ह. नेटवर्कला हात न लावता नाव निघतं. इथे अधिकचिन्हानंतरचा भागच कामाचा असतो, त्यामुळे हा पत्ता सर्वसाधारण नियमांच्या आधी वेगळा काढावा लागतो.

८ फेब्रुवारी

ओपनपीजीपीच्या, म्हणजे मेल कूटबद्ध करण्याच्या, किल्ल्या; त्यांवर नाव आणि ईमेल असतो. जुन्या एसकेएस किल्ली-सर्व्हरांवर कुणीही कुणाच्याही नावाची किल्ली चढवू शकत होतं, आणि जून २०१९ मध्ये तर काही किल्ल्यांवर खोट्या सह्यांचा इतका भडिमार झाला की त्या आयात करणारे प्रोग्राम गुदमरले. ते सर्व्हर आपल्या कामाचे नाहीत. दोन मार्ग घेतले : पत्त्यावर मेल पाठवून संमती घेतल्यावरच ओळख दाखवणारा नवा किल्ली-सर्व्हर, आणि डब्ल्यूकेडी, म्हणजे डोमेनने स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवलेली किल्ली.

डब्ल्यूकेडीत डावा भाग लहान लिपीत, त्याचा एसएचए-१ हॅश, आणि तो झेड-बेस-३२ ह्या लेखनपद्धतीत लिहायचा. पायथनमध्ये तयार असलेलं बेस-३२ वापरलं तर उत्तराची लांबी बरोबर ३२ अक्षरं येते, एररही येत नाही, आणि एकही किल्ली सापडत नाही. दोन्हींची अक्षरमाला वेगळी आहे. गट पाडण्याची रीत तीच असल्याने तयार फंक्शनचं उत्तर अक्षरागणिक बदलून घेतलं की काम होतं. १६० बिट पाचाने निःशेष भागले जातात, त्यामुळे शेवटी भर घालायचाही प्रश्न येत नाही. पण हे कळेपर्यंत मी सर्व्हरच्या सेटिंग्ज, रिडायरेक्ट, प्रमाणपत्रं, सगळं तपासत बसलो होतो. 'सापडलं नाही' हे उत्तर ह्या सगळ्या कामातलं सर्वांत फसवं उत्तर आहे. ह्यावरचा खरा उपाय : प्रत्येक अडॅप्टरसाठी स्वतःचा एक पत्ता नोंदवून ठेवणं, ज्याचं उत्तर 'सापडलं' असंच यायला हवं, आणि तो रोज चालवून पाहणं.

१७ फेब्रुवारी

पैसे घेऊन माहिती देणाऱ्या एका सेवेचा अडॅप्टर. काही गटांकडे तिची वर्गणी आहे, म्हणून लिहावा लागला.

पहिली अडचण २०२ ची. ओळखीचा पत्ता नसेल तर सेवा २०२ देते, म्हणजे 'शोध सुरू केला आहे, नंतर या'. आमच्या कोडमध्ये २०० सोडून बाकी सगळं रिकाम्या उत्तरात जात होतं, आणि रिकामं उत्तर महिनाभर कॅशेत राहत होतं. परिणाम असा की नव्या माणसाबद्दल एकदा विचारलं की महिनाभर त्याची माहिती यायचीच नाही, आणि विचारल्याचं क्रेडिट मात्र खर्च. आता चार स्थिती वेगळ्या आहेत : सापडलं, नाही, थांबा, बिघाड. कॅशेत पहिल्या दोनच जातात, त्यातही 'नाही' फार थोड्या काळासाठी. ४२९ (फार विनंत्या झाल्या) आलं तर 'रिट्राय-आफ्टर' वाचायचं. त्यात कधी सेकंद असतात, कधी पूर्ण तारीख, दोन्ही वाचता आली पाहिजेत.

दुसरी अडचण कोडने सुटणारी नव्हती. उत्तरासोबत 'खात्री' म्हणून शून्य ते एकमधला आकडा येतो. तो कशाबद्दलचा, ते कुठे सांगितलेलं नाही. ईमेल जुळला ह्याची खात्री? नाव बरोबर असल्याची? नोकरी आजही तीच असल्याची? एका सदस्याच्या पत्त्यावर त्याच्याच नावाच्या दुसऱ्या माणसाचा हुद्दा आला, आकडा भरघोस. तो आकडा लायब्ररीतून काढून टाकला. त्याच्या जागी 'कशावरून जुळलं' हे शब्दांत लिहायचं ठरलं.

२६ फेब्रुवारी

ज्या गटाने चाचणीसाठी लायब्ररी घेतली होती, त्यांच्या एका सदस्याने विचारलं : "माझा हा फोटो तुमच्याकडे कुठून आला? हा मी तुम्हाला दिलेला नाही."

साधा प्रश्न. लायब्ररीला त्याचं उत्तर देता येईना. सगळ्या स्रोतांकडून आलेलं आम्ही एकत्र करून एकच नीटनेटकी नोंद बनवत होतो : एक नाव, एक फोटो, एक परिचय. दोन ठिकाणी वेगळं नाव असेल तर लांब असलेलं घेत होतो. फोटो कुठून आला, कधी आला, सगळं ह्या एकत्रीकरणात पुसलं जात होतं. शेवटी हाताने एकेक स्रोत चालवून कळलं की फोटो ग्रॅव्हॅटारवरचा आहे, बऱ्याच वर्षांपूर्वी एका ब्लॉगसाठी टाकलेला, आणि त्यांना त्याचा विसर पडला होता. त्यांनी तो तिथून काढला. आमच्या कॅशेत मात्र तो होताच.

त्यानंतर गाभा नव्याने लिहिला. एकत्र केलेली नोंद आता लायब्ररीत नाहीच. प्रत्येक माहितीचा वेगळा तुकडा : किंमत, स्रोत, कशावरून जुळलं, कधी आणलं, आणि त्या माणसाला स्वतः जाऊन ती बदलता किंवा काढता येईल त्या पानाचा दुवा. दोन नावं आली तर दोन्ही दिसतात, शेजारी त्यांचा स्रोत. पडदा थोडा गजबजलेला दिसतो. काही गटांना ते आवडलं नाही, एकच नाव हवं होतं. तिथे निवड त्यांनी करावी, लायब्ररीने नाही.

'विसरा' हे फंक्शन ह्याच वेळी आलं. ते कॅशे पुसतं आणि तो पत्ता पुन्हा कधी शोधू नये म्हणून एचमॅकच्या रूपात वगळण्याच्या यादीत टाकतं. यादीत खुद्द पत्ता ठेवला तर ज्याने विसरा म्हटलं त्याचाच पत्ता कायम जपल्यासारखं होतं. युरोपातल्या गटांना हे असंही लागतं : २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर ह्या खासगी माहितीच्या कायद्याच्या चौदाव्या कलमाप्रमाणे, माहिती खुद्द त्या व्यक्तीकडून घेतलेली नसेल तर तिला ते, स्रोतासकट, जास्तीत जास्त महिन्याभरात कळवावं लागतं, आणि सतराव्यात पुसून मागण्याचा हक्क आहे. स्रोत साठवलाच नाही तर कळवणार काय?

फोटोंबद्दल आणखी एक. संपर्कवहीचं पान थेट ग्रॅव्हॅटारवरून चित्र आणत होतं, म्हणजे पान उघडणाऱ्या प्रत्येकाचा आयपी पत्ता आणि तो कुणाचं पान पाहतोय हे बाहेर जात होतं. आता चित्र आमच्या सर्व्हरमधून जातं.

५ मार्च

टेस्ट. नेटवर्कची उत्तरं एकदा नोंदवून पुन्हा पुन्हा वाजवायची सोय वापरली होती. टेस्ट भराभर चालत होत्या. कोडचं भांडार सगळ्यांसाठी खुलं करायच्या आधी त्या नोंदवलेल्या फाइली उघडल्या : खऱ्या लोकांची नावं, फोटोंचे दुवे, आणि प्रत्येक रिक्वेस्टच्या हेडरमध्ये आमचं टोकन. फाइल काढून नवा कमिट केल्याने काही होत नाही, इतिहासात ती राहतेच. 'गिट फिल्टर-रेपो'ने इतिहास नव्याने लिहिला, टोकन रद्द केलं, आणि सगळ्यांना भांडार नव्याने उतरवून घ्यायला सांगितलं. आता टेस्टमध्ये खोटा सर्व्हर आणि फक्त आरएफसी २६०६ ने उदाहरणांसाठी राखून ठेवलेली डोमेनं. खरा पत्ता टेस्टच्या फोल्डरमध्ये दिसला की कमिटच अडतो.

१४ मार्च

सुविधांच्या मागण्या येऊ लागल्या. त्यांपैकी ज्या कायमच्या नाकारल्या त्या इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा चर्चा नको.

'पासवर्ड विसरलात?' ह्या पानांवर पत्ता टाकून, उत्तराच्या फरकावरून खातं आहे का ते ओळखणं. नाही. काही ठिकाणी ह्याने समोरच्याला खरोखरचा रीसेट मेल जातो. एखाद्याला एकाच वेळी सगळीकडून असे मेल आले तर त्याची झोप उडेल. आणि कोण कुठल्या संकेतस्थळाचा सदस्य आहे, ह्यातून आजार, धर्म, नातेसंबंध, काहीही उघडं पडू शकतं.

मेल सर्व्हरशी बोलून पत्ता जिवंत आहे का ते विचारणं. नाही, आणि ते धड चालतही नाही. काही डोमेनं कुठल्याही नावाला हो म्हणतात, काही अनोळखी सर्व्हरला आधी तात्पुरता नकार देतात, आणि बऱ्याच होस्टिंग सेवांवर बाहेर जाणारं २५ क्रमांकाचं पोर्ट बंदच असतं.

फुटलेल्या डेटाच्या साठ्यांमध्ये शोधणं. नाही. ती माहिती त्या माणसाने ठेवलेली नाही, त्याच्याकडून चोरलेली आहे.

१२ एप्रिल

जानेवारीतल्या साफसफाईच्या फंक्शनकडे परत यावं लागलं. आरएफसी ६५३१ पासून पत्त्याच्या दोन्ही बाजूंना कुठलीही लिपी चालते, आणि एका गटाच्या यादीत देवनागरी पत्ते होते. एका पत्त्याला उत्तर येईना. त्यात 'ऱ्य' होतं.

हे जोडाक्षर दोन तऱ्हांनी लिहिलं जातं : नुक्ता असलेला 'ऱ', हलन्त आणि 'य', किंवा साधा 'र', हलन्त, शून्य रुंदीचा जोडक म्हणजे यू+२००डी, आणि 'य'. पडद्यावर दोन्ही सारखे. आमचं फंक्शन शून्य रुंदीची सगळी अक्षरं काढत होतं, त्यात हा जोडकही गेला आणि 'ऱ्य'चा रफार झाला. पत्ताच बदलला.

आता शून्य रुंदीची अक्षरं दोन्ही टोकांची तेवढी काढतो. मधली काढतो ती पत्ता निव्वळ आस्की (इंग्रजी अक्षरं, आकडे, चिन्हं) असेल तरच. 'ऱ' स्वतःसुद्धा दोन प्रकारे येतो, एका कोडपॉइंटचा (युनिकोड क्रमांकाचा) किंवा 'र' आणि नुक्ता असा. एनएफसी, म्हणजे युनिकोडचं एकसारखं करणारं रूपांतर, केलं की दोन्ही एकच होतात. जोडकवालं रूप मात्र एनएफसी बदलत नाही आणि आपणही बदलू नये. लिहिणाऱ्याने जे लिहिलं तोच पत्ता.

डोमेनच्या बाजूला आणखी एक खड्डा. पायथनमधलं अंगभूत 'आयडीएनए' (इतर लिप्यांतली डोमेनं लिहिण्याचं) एन्कोडिंग २००३ च्या नियमांवर चालतं, आणि ते नियम हा जोडक गुपचूप गाळतात. २००८ चे नियम हलन्तानंतर तो राहू देतात. म्हणजे एकाच नावाची दोन वेगळी डोमेनं होतात आणि आपण भलत्याच सर्व्हरला विचारत बसतो. वेगळं 'आयडीएनए' पॅकेज बसवलं, ते २००८ चे नियम पाळतं.

३ मे

पॅकेज खुलं केलं. मुळात चालू असलेले स्रोत : ग्रॅव्हॅटार, लिब्राव्हॅटार, गिटहबचं प्रोफाइल, डब्ल्यूकेडी आणि पडताळणी करणारा किल्ली-सर्व्हर. वेबफिंगर आणि पैशांची सेवा वेगळ्या पॅकेजमध्ये.

बाकी राहिलेलं : लिब्राव्हॅटारच्या एसआरव्ही नोंदींमधला अग्रक्रम आणि वजन अजून पाळलेलं नाही, पहिली मिळेल ती नोंद घेतो. डब्ल्यूकेडीचा फक्त थेट मार्ग चालतो, 'ओपनपीजीपीकी' उपडोमेनचा प्रगत मार्ग आधी तपासायला हवा. आणि 'इन्फो', 'सपोर्ट', 'पोस्टमास्टर' अशा पदांच्या पत्त्यांना माणूस समजणं थांबवायचं आहे; आरएफसी २१४२ मधल्या यादीपासून सुरुवात करतोय. हे कुणी हातात घेणार असेल तर आधी पत्ता साफ करण्याच्या टेस्ट वाचाव्यात, बहुतेक खाचखळगे तिथेच नोंदले आहेत.